दिवस राहण्याआधीचे ताट

मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये २००६ साली एक वेगळा प्रयोग सुरू झाला. वस्तीतल्या लग्न झालेल्या, मूल हवे असलेल्या बायकांनी रोज जवळच्या केंद्रावर यायचे, समोसा किंवा भजीसारखा एक पदार्थ तिथेच बसून खायचा आणि घरी जायचे. कोणी किती खाल्ले याची रोज नोंद व्हायची. काही जणींच्या पदार्थात पालेभाज्या, फळे आणि दूध असे. काही जणींच्या पदार्थात बटाटा, कांदा यांसारख्या भाज्या. वांद्र्याच्या 'सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज' या संस्थेचे डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचे संशोधक यांनी मिळून आखलेल्या या प्रकल्पाचे नाव होते 'सरस'. साडेसहा हजारांहून जास्त बायका त्यात सामील झाल्या. नाव नोंदवताना त्यांच्यापैकी कोणीही गरोदर नव्हती. दिवस राहण्याच्या आधीपासून खाणे सुरू करायचे आणि बाळंतपणापर्यंत ते चालू ठेवायचे, अशी सगळी रचना होती.

२०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळ्या बायका एकत्र धरल्या, तर बाळांच्या जन्मवजनात फरक दिसला नाही. पण दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून ज्या पालेभाजी-दुधाचा पदार्थ खात होत्या, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. मुळातच फार कृश असलेल्या बायकांना मात्र हा लाभ झाला नाही. गरोदरपणातल्या मधुमेहाचे आकडे अधिक बोलके होते. बटाटा-कांदा खाणाऱ्या गटात तो शंभरात सुमारे बारा जणींना झाला, पालेभाजीच्या गटात सुमारे सात जणींना.

'सरस' हा वंध्यत्वावरचा प्रयोग नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. पण मूल हवे असलेल्या प्रत्येक जोडप्याला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट त्यातून दिसली. आपल्याकडे डोहाळे लागले की घर जागे होते. सासू लाडू वळते, आई डबे पाठवते, शेजारीण लोणचे आणून देते. पोषणाचे खरे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते.

तीन महिनेच का, याचे उत्तर शरीराच्या वेळापत्रकात आहे. स्त्रीच्या बीजकोशातली बीजे तिच्या जन्मापासूनच असतात, पण ज्या बिजाची बाहेर पडण्याची वेळ येणार असते ते शेवटच्या टप्प्यात सुमारे तीन महिने वाढत, पक्व होत असते. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू सतत नव्याने तयार होतात. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर बाहेर पडण्याच्या वाटेवर आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे दिवाळीत दिवस राहिले, तर त्या बाळाचे बीज श्रावणातल्या जेवणावर पोसलेले असते, आणि हे दोघांच्याही बाबतीत खरे आहे.

जुन्या वैद्यकाने दोघांच्या तयारीचा विचार केला होता, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेपूर्वी पुरुषाने औषधी वनस्पतींनी सिद्ध केलेले दूध-तूप घ्यावे आणि स्त्रीने तेल व उडीद घ्यावेत, असे सांगितले आहे. सुश्रुताने गर्भासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टी आवश्यक मानल्या. त्यातले अंबू म्हणजे पोषण करणारा रस. या प्रत्येक सल्ल्याला आजच्या प्रयोगशाळेची मोहर आहे असे नाही. तरीही नवऱ्याच्या ताटाकडे पाहण्याची रीत नंतरच्या काळात आपण का सोडली, हा प्रश्न पडतोच. मूल होत नाही म्हटले की उपासतापास, नवससायास आणि काढे बाईच्या वाट्याला येतात. प्रत्यक्षात मूल होण्यात अडचण असलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचे कारण असते, कधी एकटे तर कधी स्त्रीकडच्या कारणासोबत.

पालेभाजीचा मान मात्र मुंबईनेच जगाला शिकवला, असे म्हणायला जागा आहे. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत होता आणि त्यात अनेक जणी दगावत होत्या. नेहमीच्या उपायांनी गुण येत नव्हता. लुसीबाईंनी त्यांच्या खाण्याचा अभ्यास केला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि अखेर यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त अर्क त्या बायकांना दिला. त्याने रक्तक्षय बरा होऊ लागला. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातला तो अज्ञात घटक पुढे बरीच वर्षे 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखला जात होता. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि पानावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले.

गर्भाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्यातून घडतात ती नळी दिवस राहिल्यावर चार आठवड्यांच्या आत मिटते. तेव्हा अनेकींना आपण गरोदर आहोत याचा पत्ताही नसतो. ही नळी नीट मिटण्यासाठी फॉलिक ॲसिड लागते. ज्यांना आधी असे व्यंग असलेले बाळ झाले होते, अशा बायकांवर सात देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली आले, तेव्हा फॉलिक ॲसिडमुळे पुढच्या बाळातले हे व्यंग ७२ टक्क्यांनी टळल्याचे दिसले. म्हणून मूल हवे असे ठरले त्या दिवसापासून बारा आठवड्यांच्या गरोदरपणापर्यंत स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही गोळी पालेभाजीच्या जोडीने घ्यायची असते. नैसर्गिक खाण्याच्या हट्टापायी ती टाळू नये.

आता भाजीकडे. मेथी, पालक, तांदुळजा, लाल माठ, चाकवत, चुका, अंबाडी, शेवग्याचा पाला यांची आपल्याकडे वर्षभर आलटून पालटून रेलचेल असते. पण भाजी मंडईतून ताटात येईपर्यंत तिच्यातले बरेच काही वाहून जाते. फोलेट म्हणजे खाण्यात नैसर्गिकपणे असलेले फॉलिक ॲसिड, ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने कमी होते. पालक पाण्यात उकळला तर त्यातले साधारण निम्मे फोलेट जाते, वाफवला तर फारसे जात नाही, असे प्रयोगात मोजले गेले आहे. म्हणून भाजी आधी निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतली की सत्त्व मोरीत जाते. पालक उकडून पाणी ओतून देण्याची हॉटेली पद्धत घरात तरी नको. आपली डाळ-दाणे घातलेली पातळ भाजी या बाबतीत शहाणी आहे, कारण पानांतून निघालेले पाणी ताटातच येते. फक्त ती तासभर रटरटू देऊ नये. लसणीच्या फोडणीवर पाच-सात मिनिटे झाकण ठेवून वाफवलेली मेथी किंवा माठ तर आणखी चांगला.

फोलेट फक्त पानांत असते असे नाही. चवळी, हरभरे, मूग, राजमा यांच्यातही ते भरपूर असते, आणि त्यांच्यासोबत प्रथिने व लोहही येते. इथे अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आठवावा लागतो. १९८९ साली तिथल्या एक लाखाहून अधिक परिचारिकांच्या आरोग्याची पाहणी सुरू झाली. त्यांतल्या मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या साडेसतरा हजार जणींच्या आहाराची आठ वर्षांची माहिती हार्वर्डच्या होर्हे चवारो आणि वॉल्टर विलेट यांनी तपासली. बीज वेळेवर बाहेर न पडल्यामुळे येणारे वंध्यत्व कोणत्या बायकांत कमी दिसते, हा त्यांचा प्रश्न होता. २००७ साली उत्तरे आली. प्रथिनांचा काही भाग मांसाऐवजी डाळी-कडधान्ये-दाण्यांतून घेणाऱ्या, मैदा-साखर कमी खाणाऱ्या, वनस्पतिजन्य पदार्थांतून किंवा गोळ्यांतून लोह घेणाऱ्या आणि ट्रान्स फॅट टाळणाऱ्या बायकांत हा धोका कमी होता. आहारातल्या उष्मांकांपैकी अवघे दोन टक्के चांगल्या स्निग्धांशाऐवजी ट्रान्स फॅटमधून आले, तर धोका दुपटीहून जास्त दिसला. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. शिवाय हे निष्कर्ष बीजमोचनाच्या तक्रारींपुरतेच आहेत. पण पीसीओएस या विकाराने अनियमित पाळी सोसणाऱ्या मुलींची संख्या पाहता आपल्याला ते जवळचे आहेत.

दूध मलईचे की बिनमलईचे, याबाबत त्याच अभ्यासात आश्चर्याची गोष्ट दिसली. रोज मलईचे दूध किंवा त्याचा एखादा पदार्थ घेणाऱ्या बायकांत वंध्यत्व कमी होते, साय काढलेले दूध घेणाऱ्यांत जास्त. नंतरच्या काही अभ्यासांत हा संबंध तितका ठळक दिसला नाही. म्हणून दिवसाला एक पेलाभर साधे दूध किंवा वाटीभर घरचे दही पुरे. कपामागून कप रिचवण्याचे कारण नाही.

परिचारिकांच्या ताटातले हे गुण आपल्या स्वयंपाकघरात आणायला फारसे काही विकत आणावे लागत नाही. मटकी रात्री भिजवायची, सकाळी फडक्यात बांधायची, मोड आले की वाफवायची. मोड येताना धान्यातले फायटेट कमी होते. हे फायटेट लोह आणि जस्ताला धरून ठेवते व ते अंगी लागू देत नाही. गरोदरपणाच्या आसपास मोडाची कडधान्ये कच्ची खाण्यापेक्षा वाफवून खाणे सुरक्षित. उसळ उतरवल्यावर वरून लिंबू पिळायचे, कारण क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते आणि ते आचेवर टिकत नाही. लिंबाऐवजी शेजारी आवळ्याचे लोणचे किंवा पेरूची कोशिंबीर चालेल. जेवणानंतर लगेच चहा मात्र नको. त्यातले टॅनिन लोहाला अडवते, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्यावा. लोखंडी कढईत केलेल्या भाजीत थोडे लोह उतरते, आंबट भाजीत जास्तच. सुनेच्या बारीक तब्येतीची काळजी करणाऱ्या सासूबाईंनी माळ्यावरची कढई खाली काढावी. नॉनस्टिक काही दिवस वर ठेवावे.

लोहाचा एवढा आग्रह का, हे आकडे सांगतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. जिला आधीच धाप लागते, तिच्यावर नऊ महिन्यांचा भार टाकण्याआधी हिमोग्लोबिन तपासायला हवे. कमी निघाले तर केवळ बीट आणि गूळ खाऊन ते लवकर भरून निघत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. पालेभाज्या आणि फळे वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळे जन्मतः मोठी भरत होती, हे त्यातून पुढे आले. पण आणखी एक अस्वस्थ करणारी बाब दिसली. दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे जास्त आढळली. म्हणजे नुसत्या पालेभाज्यांनी आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी काम भागत नाही. बी-१२ पानांत नसते, धान्यात नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून येते. शाकाहारी घरांत म्हणून दूध-दह्याला पर्याय नाही. दूध पुन्हा पुन्हा उकळत ठेवले की त्यातले बी-१२ घटते, एवढे ध्यानात ठेवावे. मूल हवे असलेल्या शाकाहारी स्त्रीने रक्तातले बी-१२ एकदा मोजून घ्यावेच.

किनारपट्टीच्या लोकांना इथे सोय आहे. अमेरिकेतल्या मिशिगन आणि टेक्सास राज्यांतल्या सुमारे पाचशे जोडप्यांची एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा मासे खाणाऱ्या जोडप्यांपैकी ९२ टक्के वर्षभरात गरोदर राहिली, कमी खाणाऱ्यांत हे प्रमाण ७९ टक्के होते. इथेही नवरा-बायको दोघांचे खाणे मोजले होते. बांगडा, तारली, मांदेली ही लहान आणि स्वस्त मासळी ओमेगा-३ स्निग्धांशाने भरलेली असते. लहान माशांत पारा कमी साठतो. मुशीसारखे मोठे शिकारी मासे मात्र या काळात टाळावेत. बांगडा कडक तळण्यापेक्षा तिरफळ-कोकम घालून कालवणात शिजवला, तर तेलही कमी लागते. मासे न खाणाऱ्यांसाठी विदर्भाची जवसाची चटणी आहे. जवस भाजून कुटले पाहिजे, आख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात. आणि जवसातले ओमेगा-३ शरीराला माशातल्याइतके थेट वापरता येत नाही, म्हणून चमचाभर चटणी रोजच ताटात असावी.

ट्रान्स फॅट हा शब्द रोजच्या बोलण्यात नाही, पण ते वनस्पती तुपातून, खारी-नानकटाईतून आणि वडे-भजी तळून काळ्या पडलेल्या तेलातून पोटात जाते. जानेवारी २०२२पासून तेला-तुपातले त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन देशात आहे. नाक्यावरच्या कढईत तेच तेल किती वेळा तापते यावर मात्र कोणाची नजर नसते.

पुरुषांविषयी प्रयोग कमी झाले आहेत, पण झालेले मोलाचे आहेत. लॉस एंजेलिसमध्ये २१ ते ३५ वयाच्या ११७ निरोगी तरुणांपैकी निम्म्यांना बारा आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड देण्यात आले. २०१२ साली आलेल्या निष्कर्षांत त्यांच्या शुक्राणूंची हालचाल, जिवंतपणा आणि घडण सुधारलेली दिसली. स्पेनमध्ये १४ आठवडे रोज ६० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट खाणाऱ्यांचेही तसेच झाले. या दोन्ही प्रयोगांतले पुरुष निरोगी होते, त्यांच्या बायकांना दिवस राहण्याचे प्रमाण मोजले नव्हते, हे खरे. उलट बाजूने, जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या पुरुषांना देऊन अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली. २०२०च्या अहवालात शुक्राणूंतही फरक नव्हता आणि मुले होण्यातही नव्हता. दुकानातल्या 'पुरुषशक्ती'च्या डब्यांवर हजारो रुपये घालवणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. अक्रोड महाग वाटला तर शेंगदाणे, तीळ, भोपळ्याच्या बिया आहेत. शेंगदाण्यांतले बुरशी आलेले दाणे तेवढे निवडून फेकावेत. तंबाखू, गुटखा आणि दारू चालू ठेवून अक्रोड खाण्यात मात्र अर्थ नाही. मशेरी लावणाऱ्या बायकांनाही हेच लागू आहे.

रोजचे जेवण मग कसे असावे? सकाळी भाजणीचे थालीपीठ आणि दही. दुपारी ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पातळ भाजी, लिंबाची फोड. चारच्या सुमारास फुटाणे-शेंगदाणे आणि हंगामातले फळ. रात्री वरण-भात, भाजी, कधी अंडे तर कधी मासा. ज्यांचे वजन जास्त आहे आणि पाळी लांबते, त्यांनी भात-साखर कमी करून रोज चालावे. पीसीओएसमध्ये वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तरी अनेकींची पाळी नियमित होऊ लागते. आणि ज्या फार बारीक आहेत त्यांनी उपास बंद करावेत. उपासमारीने जननक्षमता किती खालावते हे १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडने पाहिले. नाझी नाकेबंदीत शहरांतल्या माणसांना जेमतेम काहीशे उष्मांक मिळत होते आणि नऊ महिन्यांनी तिथले जन्म जवळपास निम्म्यावर आले.

तपासणीविना विकली जाणारी चूर्णे आणि भस्मे यांपासून सावध राहायला हवे. बॉस्टन शहरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले होते. शिसे पुरुषाच्या बिजालाही घातक आणि पोटातल्या बाळालाही. नोंदणीकृत वैद्याने तपासून दिलेले औषध वेगळे आणि 'हमखास अपत्यप्राप्ती'ची पुडी वेगळी.

आहाराने गर्भनलिकेतला अडथळा उघडत नाही, एंडोमेट्रिओसिस जात नाही, शुक्राणूच नसतील तर ते येत नाहीत. जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा बायकोचे वय पस्तीसच्या पुढे असेल आणि सहा महिने झाले असतील, तर डॉक्टरांकडे जावे आणि दोघांनी मिळून जावे. नवऱ्याची वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी, स्वस्त आणि वेदना न होणारी तपासणी आहे. ती आधी करून घ्यावी, मग बायकोच्या सुया आणि सोनोग्राफीकडे वळावे.